चिनी लिपीतल्या ‘बेइ’ या अक्षराचा अर्थ शिंपला, मग पैशाच्या इतक्या शब्दांत ते कसं?

कारण ‘बेइ’ हे मुळात कवडीचं चित्र आहे, आणि प्राचीन चीनमध्ये कवडी ही संपत्ती होती. इ.स.पू. दुसऱ्या सहस्रकातल्या शांग राजवटीचे राजे मर्जीतल्या सरदारांना कवड्यांच्या माळा बक्षीस देत, तसे लेख कांस्यपात्रांवर कोरलेले सापडतात. शांगांची राजधानी असलेल्या आन्यांगला 1976 साली उघडलेल्या, त्याच राजवटीतल्या राणी फू हाओच्या थडग्यात 6,000हून जास्त कवड्या निघाल्या. इ.स. 100च्या सुमाराचा शू शेन यांचा कोशही सांगतो, की पूर्वी कवड्या चलनात होत्या आणि छिन राजवटीने (इ.स.पू. तिसरं शतक) त्या बंद करून नाणी आणली. नैऋत्य चीनमधल्या युन्नानमध्ये मात्र त्या सतराव्या शतकापर्यंत बाजारात चालत, आणि त्यातल्या बऱ्याच मालदीवहून बंगालमार्गे जात.

अक्षरं उघडून पाहिली की हे फार सुंदर दिसतं:
- विकत घेणे: वर जाळं, खाली कवडी
- गरीब: वर ‘वाटणे’, खाली कवडी

महाग, संपत्ती, कर्ज यांतही तीच. पण ‘बेइ’ दिसलं की पैसाच, असं धरू नका. ‘नियम’ या अर्थाच्या ‘झ’ अक्षरात दिसते ती कवडी नव्हे, तीन पायांचं ‘दिंग’ भांडं आहे. पुढे लिहिताना त्याचा आकार तसा झाला. शिवाय आजच्या सोप्या केलेल्या लिपीत ‘विकत घेणे’मधली कवडी गेली आहे, जुनं रूप तैवान-हाँगकाँगच्या छपाईत बघा.