पडद्यावर अंधार, ओठांमागून आवाज

प्रश्न : माझी ६ मिनिटांची अ‍ॅनिमेशन फिल्म सांगलीत गल्लीतल्या लोकांना गच्चीवर दाखवायची आहे. चाचणीत रात्रीची दृश्यं नुसती काळी दिसली आणि ओठ हलल्यावर आवाज मागून आला. काय करू?

उत्तर : आवाज मागे पडतो तो बहुधा ब्लूटूथ स्पीकरमुळे. वायर लावा, ओठ जुळतील. काळोखाचं दुखणं मोठं आहे. प्रोजेक्टरला काळा रंग फेकता येत नाही. पडद्यावर आधीच जेवढा उजेड असतो, तोच तुमचा काळा. म्हणून मे महिन्यात साडेसातच्या आधी सुरू करूच नका आणि गच्चीवरचे दिवे बंद ठेवा. शिवाय रात्रीच्या दृश्यांचा गॅमा (मधल्या छटांचा उजळपणा) थोडा वाढवून वेगळी प्रत काढा, ती त्याच पडद्यावर तपासा. त्या प्रतीला एच.२६४ (व्हिडिओ दाबून लहान करायची पद्धत) आणि १० एमबीपीएस, म्हणजे सेकंदाला १० मेगाबिट, पुरे. फाइल साधारण ४५० एमबी होईल.