सुख दुखतंय, असं नाही

एका मैत्रिणीचं पत्र आलंय. वय ४६, नोकरी, घरी नवरा आणि एक मुलगी. पत्रातला महत्त्वाचा भाग देते:

‘ताई, मला रडू वगैरे येत नाही. सगळी कामं होतात, ऑफिसलाही एक दिवस दांडी नाही. पण तीन-चार महिने झाले, कशातच राम वाटत नाही. मुलीला हवा होता तिथे प्रवेश मिळाला, घरात सगळे नाचत होते, मीही हसले, पण आत काही हललंच नाही. पहाटे चारला जाग येते. पूर्वी रविवारचं शब्दकोडं सोडवल्याशिवाय मी जागची उठत नसे, आता पुरवण्यांचा नुसता गठ्ठा साठलाय. मुलीवर उगाच खेकसते. जिवलग मैत्रिणीचा फोनसुद्धा उचलत नाही. बहीण म्हणते, तुला सुख दुखतंय. जगात लोकांची केवढी दुःखं आहेत ते बघितलं की मलाही तेच पटतं. हे नैराश्य आहे की माझा आळस?’

प्रिय मैत्रिणी,

आळशी माणूस चार महिने एकही दांडी न मारता कामाला जात नाही, तेव्हा आळसाचा मुद्दा आधी निकालात काढू. तुमचं पत्र वाचून मला सौम्य नैराश्याची दाट शंका येते. पत्रावरून निदान कुणी करू नये आणि मीही करत नाही, पण डॉक्टरांकडे जाऊन तपासून घ्यावं इतकं त्यात नक्की आहे.

नैराश्य म्हटलं की दार लावून अंथरुणात पडलेला माणूस डोळ्यांसमोर येतो. सौम्य नैराश्यात बहुतेकांची कामं चालूच राहतात. फक्त प्रत्येक कामाला दुप्पट जोर लावावा लागतो आणि तो जोर बाहेरून कुणाला दिसत नाही. ‘तू तर अगदी ठणठणीत दिसतेस’ असं ऐकून ऐकून माणूस स्वतःवरच संशय घ्यायला लागतो. तुमचं नेमकं तेच झालंय.

मुलीच्या प्रवेशाचा प्रसंग मी दोनदा वाचला. बातमी कळली, पण आत पोचली नाही. त्यानंतर तुम्ही स्वतःला काय काय म्हणाला असाल याचा मला अंदाज आहे: ‘कसली आई मी!’ पण तुमची माया कमी झालेली नाही. आनंद होण्याची क्षमताच मंदावणं, हे नैराश्याच्या दोन मुख्य लक्षणांपैकी एक आहे. दुसरं लक्षण म्हणजे मन सतत उदास असणं. दोन्ही असायलाच हवीत असं नाही. रडू येत नाही म्हणून नैराश्य नाही, असं म्हणूनच म्हणता येत नाही.

साध्या दुःखात असं होत नाही. दुःखाला बहुधा काही निमित्त असतं, ते लाटांसारखं येतं-जातं आणि मधल्या वेळात एखादी चांगली गोष्ट मनाला भिडते. तुमच्याकडे निमित्त सापडत नाही आणि चांगली गोष्ट भिडत नाही. एखादा आठवडा असा गेला तर मी काही म्हटलं नसतं. डॉक्टर साधारणपणे दोन आठवड्यांचा हिशेब धरतात, म्हणजे दिवसाचा बराचसा वेळ आणि जवळजवळ रोज असं वाटणं. तुमचे महिने उलटलेत.

पहाटेची जागही याच चित्रातली आहे. नेहमीपेक्षा दोनेक तास आधी जाग येणं, मग झोप न लागणं, सकाळ सर्वांत जड जाणं आणि संध्याकाळी जरा बरं वाटणं, हे नैराश्यात पुष्कळदा दिसतं. चिडचिडीचंही तसंच. ‘वयात आलेल्या मुलीची आई आहे, चिडणारच’ म्हणून ती खपून जाते. एकच ईमेल तीनदा वाचावा लागतो का, भूक बदलली आहे का, अंग दुखतं का, हेही स्वतःला विचारून बघा.

आता लोकांच्या मोठ्या दुःखांबद्दल. शेजाऱ्याचा पाय मोडलाय म्हणून आपल्या मुरगळलेल्या पायाची कळ थांबत नाही. ‘मला कसलं आलंय दुःख, माझीच लायकी नाही’ असा अपराधीपणा वाटणं हाही याच आजाराचा भाग असतो. बहिणीचं बोलणं तुम्हाला लगेच पटलं, कारण आतला आवाज आधीपासून तेच म्हणत होता. बहिणीला दोष देत नाही, पण तिचं म्हणणं चूक आहे.

पीएचक्यू-९ नावाची नऊ प्रश्नांची प्रश्नावली जगभर वापरली जाते, मराठीतही आहे. गेल्या दोन आठवड्यांत कुठला त्रास किती दिवस झाला, त्याला ० ते ३ गुण द्यायचे. एकूण २७ पैकी ५ ते ९ गुण म्हणजे सौम्य लक्षणं, १० किंवा त्याहून जास्त असल्यास अधिक गंभीरपणे बघायचं. हा आकडा म्हणजे निदान नव्हे. पण डॉक्टरांसमोर बसल्यावर ‘तसं विशेष काही नाही’ असं म्हणून तुम्ही परत येण्याची मला भीती वाटते. भरलेला कागद हातात असला की ते जमणार नाही.

रक्ततपासणीबद्दल नक्की विचारा. थायरॉइड मंदावलेलं असेल, हिमोग्लोबिन किंवा बी-१२ कमी असेल, तरी थकवा आणि उदासी अशीच दिसते. शिवाय तुमच्या वयात पाळी जाण्याआधीचे बदल सुरू झालेले असू शकतात, आणि त्या काळात नैराश्याची शक्यता वाढते. पाळीत काही फरक पडला असेल तर तोही सांगा. कुठली औषधं चालू असतील तर तीही, कारण स्टेरॉइडसारख्या काही औषधांनी मनःस्थिती बदलते.

‘गेले तर आयुष्यभराच्या गोळ्या मागे लागतील’ ही धास्ती अनेकींना असते, म्हणून सांगते. सौम्य नैराश्यात गोळ्या हा सहसा पहिला उपाय नसतो. ब्रिटनच्या नाइस या संस्थेच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांतही तेच आहे: रुग्णाची स्वतःची इच्छा नसेल तर सुरुवात समुपदेशन, विचार-वर्तन उपचार, गटातला व्यायाम अशा गोष्टींनी करावी. पूर्वी नैराश्य येऊन गेलं असेल किंवा त्रास वाढत गेला तर औषधांची गरज लागू शकते. तेव्हा ती घ्यायला संकोच नको आणि मनाने मध्येच बंद करणंही नको.

शब्दकोड्यांच्या त्या गठ्ठ्याचं काय करायचं? मन लागेल तेव्हा सोडवीन, असं तुम्ही ठरवलंय. नैराश्यात हा क्रम उलटा करावा लागतो: आधी कृती, मन मागून येतं. मागचा सगळा गठ्ठा सरळ रद्दीत द्या, ते कर्ज फेडायचं नाहीये. येत्या रविवारी नवं कोडं घ्या आणि आडवे फक्त चार शब्द भरा. त्याआधी कसं वाटत होतं आणि नंतर कसं वाटलं, त्याला दहापैकी गुण देऊन कोपऱ्यात लिहा. तीनचे चार झाले तरी ते खरे गुण आहेत. समुपदेशकही याच वाटेने नेतात, फक्त अधिक शिस्तीत. मैत्रिणीला लांबलचक खुलासा नको. ‘सध्या बरं नाही, बोलायची ताकद आली की करते’ एवढा मेसेज पुरे.

नवऱ्याबद्दल तुम्ही काहीच लिहिलं नाहीत. त्यांना अजून सांगितलं नसेल तर हे पत्रच त्यांच्या हातात द्या. सल्ला नको, डॉक्टरांकडे सोबत या, एवढंच मागा.

आणि एक सरळ विचारते. सकाळी उठलोच नाही तर बरं, असा विचार कधी येऊन गेलाय का? विचारल्याने असे विचार डोक्यात शिरत नाहीत, असले तर बाहेर यायला वाट मिळते. प्रश्नावलीतला नववा प्रश्न याचाच आहे. तिथे ‘मुळीच नाही’ सोडून दुसरं काहीही उत्तर असेल, तर एकूण गुण कितीही कमी असोत, आजच नवऱ्याला सांगा आणि लगेच डॉक्टरांना भेटा. तसं काही नसेल, तर याच आठवड्यातली वेळ घ्या आणि रिपोर्ट आले की मला कळवा.

तुमची,
ताई