हिवतापाचा परजीवी तांबड्या रक्तपेशीत शिरतो कसा?

प्रश्न : तांबड्या रक्तपेशीला केंद्रक नसते आणि काही पांढऱ्या पेशींप्रमाणे ती बाहेरचे कण गिळतही नाही, असे वाचले. मग हिवतापाचा परजीवी तिच्यात जातो कसा, आणि तो शिरताना पेशी फुटत कशी नाही?

उत्तर : आपण वाचलेले बरोबर आहे, आणि म्हणूनच आत शिरण्याचे बहुतेक काम परजीवीला स्वतःच्या बळावर करावे लागते. रक्तपेशीत शिरणाऱ्या त्याच्या रूपाला मेरोझॉइट म्हणतात. त्याची लांबी जेमतेम १ ते २ मायक्रोमीटर असते, तर रक्तपेशीची रुंदी सुमारे ७ ते ८ मायक्रोमीटर. तो प्रथम पेशीला कोणत्याही बाजूने चिकटतो आणि मग वळून आपले निमुळते टोक तिच्या पटलाला, म्हणजे बाहेरच्या पातळ आवरणाला टेकवतो, कारण शिरकावाला लागणारी प्रथिने ज्या सूक्ष्म पिशव्यांत साठवलेली असतात, त्या याच टोकाशी असतात.

पुढचा टप्पा मला सर्वांत विलक्षण वाटतो. पकड घेण्यासाठी परजीवी केवळ पेशीवर आधीपासून असलेल्या प्रथिनांवर विसंबत नाही. तो आपलेच आरओएन२ हे प्रथिन तिच्या पटलात रोवतो आणि आपल्या अंगावरील एएमए१ या प्रथिनाने ते घट्ट धरतो. या पकडीचे एक कडे तयार होते आणि आपल्या स्नायूंतही आढळणाऱ्या ॲक्टिन व मायोसिन या प्रथिनांच्या स्वतःकडील जोडीच्या जोरावर तो त्या कड्यातून आत सरकतो. पटल फाटत नाही, ते आत दबत जाऊन त्याच्याभोवती पिशवीसारखे लपेटले जाते आणि मागे तोंड मिटते. पेशी न फुटण्याचे कारण हेच. सारे साधारण एका मिनिटात आटोपते.

अर्थात, सुरुवातीला पेशीवरील ठरावीक प्रथिनांची ओळख परजीवीला पटली नाही तर हे पुढचे काहीच घडत नाही. ज्यांच्या तांबड्या पेशींवर डफी प्रथिन नसते, त्यांना व्हायव्हॅक्स जातीचा हिवताप सहसा होत नाही, हे १९७६ मध्ये लुई मिलर आणि सहकाऱ्यांनी दाखवले. मात्र मादागास्करसह काही ठिकाणी अशा व्यक्तींतही हा संसर्ग आढळला आहे. फॅल्सिपॅरम जातीत परजीवीचे आरएच५ प्रथिन रक्तपेशीवरील बॅसिजिन या प्रथिनाला जोडले जाणे अत्यावश्यक असते, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले. पेशीत शिरण्यापूर्वी रक्तात उघडा असताना परजीवी प्रतिपिंडांच्या, म्हणजे शरीराने तयार केलेल्या संरक्षक प्रथिनांच्या हाती लागू शकतो, पण तेवढा अवधी फार थोडा असतो, त्यामुळे आरएच५वर आधारलेल्या लशीला रक्तात भरपूर प्रतिपिंडे आधीच तयार ठेवावी लागतात. अशा लशीच्या मानवी चाचण्या झाल्या आहेत.