चाकं टेकल्यावर विमान वाऱ्याकडे का वळतं?

भाऊ, तुमचा प्रश्न थोडक्यात असा: जळगावला सेसना १७२ या छोट्या विमानावर शिकताय, क्रॉसविंडमध्ये (आडव्या वाऱ्यात) टेकेपर्यंत सगळं ठीक असतं, पण टेकल्यावर विमान सेंटरलाइन (रनवेची मधली रेषा) सोडून वाऱ्याकडे वळतं. शिवाय ओला रनवे आणि मे महिन्यातल्या दुपारचं टेकऑफ यांबद्दलही विचारलंय.

टेकल्यावर वळतं त्याचं कारण बहुधा हातात असतं, पायात नाही. चाकं लागली की 'झालं लँडिंग' असं वाटून योक (हातातलं सुकाणू) आपोआप मधे येतो. मग वाऱ्याकडचा पंख हलका होतो, त्या बाजूच्या चाकावर वजन राहत नाही आणि ब्रेकही धड लागत नाही. शेपटीचा उभा भाग मुख्य चाकांच्या बराच मागे असल्यामुळे वारा शेपूट ढकलतो आणि नाक वाऱ्याकडे फिरतं. वेग कमी होतो तसा एलरॉनचा (योकने हलणाऱ्या, पंखाच्या टोकाकडच्या झडपेचा) जोर घटतो, म्हणून टेकल्यानंतर वाऱ्याकडचा एलरॉन वाढवत न्यायचा. टॅक्सीच्या (जमिनीवर सावकाश चालण्याच्या) वेगाला येईपर्यंत तो पूर्ण लागलेला हवा.

हवेत असताना दोन कामं वेगळी ठेवा. नाक सेंटरलाइनच्या रेषेत ठेवणं हे रडरचं (पायाच्या पेडलने हलणाऱ्या शेपटीच्या उभ्या झडपेचं) काम, बाजूला सरकणं थांबवणं हे एलरॉनचं. सरकायला लागलं की बरेच जण रडर मारतात; नाक वाकडं होतं, विमान सरकतच राहतं आणि तिरकं टेकून सगळा ताण चाकांच्या पायांवर येतो. फायनलवर (रनवेकडे सरळ येतानाच्या शेवटच्या टप्प्यात) क्रॅब, म्हणजे नाक थोडं वाऱ्याकडे, ठेवा, फ्लेअरच्या (टेकण्याआधी नाक हलकेच उचलण्याच्या) जरा आधी रडरने नाक सरळ करा आणि त्याच क्षणी वाऱ्याकडचा पंख खाली घ्या. आधी वाऱ्याकडचं चाक, मग दुसरं, शेवटी नाकाचं. १७२ मध्ये नाकाचं चाक रडरच्या पेडलला जोडलेलं आहे. पेडल दाबलेलंच ठेवून ते टेकवलंत तर झटका बसणारच. जोराच्या वाऱ्यात रनवेच्या लांबीला पुरतील तेवढेच फ्लॅप (पंखामागच्या खाली येणाऱ्या पट्ट्या) घ्या.

आकडा आधी काढा. पावसाळ्यात आपल्याकडे वारा नैर्ऋत्य-पश्चिमेचा. रनवे २७ (दिशा २७० अंश) आणि वारा २४० अंशांवरून १८ नॉट असेल तर फरक ३० अंश, क्रॉसविंड निम्मा, म्हणजे ९ नॉट. तोच वारा २१० वरून आला की साडेपंधरा. १७२ चा चाचणीत दाखवलेला क्रॉसविंड १५ नॉट आहे. ती विमानाची मर्यादा नव्हे, पण विद्यार्थ्याची मर्यादा त्याच्या बरीच खाली असते आणि ती तुमचा इन्स्ट्रक्टर ठरवतो. झोत असतील तर झोतातल्या वाढीच्या निम्मा वेग वाढवायचा: वारा १२, झोत २२, तर ५ नॉट जास्त. त्याहून जास्त नको. १० टक्के जादा वेगाला साधारण २१ टक्के जास्त रनवे लागतो.

ओल्या रनवेवर पाणी साचलेलं असेल तर टायर पाण्यावर तरंगू शकतो. तो वेग नॉटमध्ये साधारण टायरच्या दाबाच्या (पीएसआय) वर्गमूळाच्या नऊपट. २९ पीएसआयला ४८ नॉट निघतो, म्हणजे तुम्ही टेकता त्याच्या आसपासच. तिथे हळुवार टेकवण्याची हौस नको. ठरल्या जागी, ठाम टेकवा आणि वेग उतरल्यावरच ब्रेक लावा. विमान न टेकता तरंगत राहिलं तर गो-अराउंड, म्हणजे लँडिंग सोडून पुन्हा वर. रनवेच्या कडेला काळी माती आहे. ओल्या काळ्या मातीत नाकाचं चाक रुतलं की प्रोपेलर जमिनीला लागलाच म्हणून समजा.

आता मे महिना. जळगावची उंची सुमारे ८४० फूट. ४४ अंश तापमान आणि क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १००४ धरलं तर डेन्सिटी अल्टिट्यूड, म्हणजे हवेच्या विरळपणानुसार विमानाला जाणवणारी उंची, साधारण ४,८०० फूट निघते. इंजिन आणि पंख दोघांनाही हवा पातळ मिळते. १७२ च्या हँडबुकातले टेकऑफचे तक्ते ४० अंशांपाशी संपतात, म्हणजे त्या दुपारसाठी तुमच्याकडे आकडाच नसतो. अंदाजाने पुढे ओढू नका, सकाळी लवकर उडा. तक्त्यातल्या तापमानातही निम्म्या रनवेपर्यंत उड्डाणवेगाच्या ७० टक्के वेग आला नाही, म्हणजे ५५ चे साधारण ३८ नॉट, तर थ्रॉटल मागे.

गरम दुपारी आणखी एक फसवणूक होते. इंडिकेटेड (काट्यावर दिसणारा) वेग तोच असला तरी जमीन जास्त वेगाने पळताना दिसते. डोळ्यावर विश्वास ठेवून वेग कमी करणारा फायनलवर स्टॉलच्या (पंखाची उचल तुटण्याच्या) जवळ जातो. टेकऑफला तोच भास नाक लवकर उचलायला लावतो. दोन्ही वेळी नजर एअरस्पीडच्या काट्यावर. आणि रनवेच्या आसपास वावटळ दिसली तर ती सरकून जाईपर्यंत होल्डिंग पॉइंटवर (रनवेआधीच्या थांब्यावर) थांबा, एलरॉन वाऱ्याच्या दिशेनुसार लावून.