बुर्ज खलिफाचं तिकीट काढण्याआधी : वाचकांचे प्रश्न

सुट्ट्यांच्या तोंडावर दुबईला निघालेल्या वाचकांची बरीच पत्रं आली आहेत. बहुतेकांचे प्रश्न बुर्ज खलिफाच्या प्रेक्षक-मजल्यांबद्दल आहेत. ज्यांची उत्तरं सगळ्यांच्या उपयोगी पडतील असे प्रश्न निवडले आहेत. शेवटचे दोन अमेरिकेतल्या इमारतींबद्दल आहेत.

आम्ही चौघं जाणार आहोत. १२४व्या मजल्याचं तिकीट पुरेल, की १४८व्याचं काढावं? दरांत खूप फरक दिसतो. (ठाणे)

१२४वा मजला जमिनीपासून ४५२ मीटरवर आहे, १२५वा ४५६ मीटरवर आणि १४८वा ५५५ मीटरवर. साध्या तिकिटात पहिले दोन येतात. वरच्या तिकिटात तिन्ही येतात, शिवाय बसायला ऐसपैस जागा, अरबी कॉफी आणि खजूर. त्याचा दर मात्र दुपटीच्या घरात जातो.

या जादा पैशांत डोळ्यांना काय मिळतं ते बघा. हवा अगदी स्वच्छ असेल तर ४५२ मीटरवरून क्षितिज सुमारे ७६ किलोमीटरवर असतं आणि ५५५ मीटरवरून सुमारे ८४ किलोमीटरवर. दुबईच्या हवेत इतक्या लांबचं फार क्वचित दिसतं, त्यामुळे वरची आठ किलोमीटर कागदावरच राहतात. उलट, शेजारचे मनोरे, शेख झायेद रोडवरची वाहतूक, खालचं तळं हे सगळं १२४व्यावरून जास्त ठळक दिसतं. नुसत्या उंचीचंच अप्रूप असेल तर सिंहगडाचा माथाही पायथ्यापासून याहून उंच आहे. बुर्जवर जायचं ते पायाखाली पसरलेलं शहर बघायला.

१४८व्याचा खरा फायदा म्हणजे गर्दी कमी. घोळक्यात रेटारेटी सोसत नाही असं कुणी बरोबर असेल तर ते पैसे सत्कारणी लागतात. नाहीतर साधंच तिकीट घ्या आणि वाचलेले पैसे चांगल्या वेळेवर खर्च करा. मजल्यापेक्षा वेळ आणि हवा जास्त महत्त्वाची.

चांगली वेळ म्हणजे नेमकी कोणती? सूर्यास्त गाठायचा तर तिकीट किती वाजताचं घ्यावं? (नाशिक)

सूर्यास्ताच्या तास-सव्वा तास आधीचं. तिकिटावरची वेळ ही खाली रांगेत शिरण्याची असते, वर पोचण्याची नव्हे. इथेच बहुतेकांचा हिशेब चुकतो. प्रवेश दुबई मॉलच्या तळमजल्याखालच्या मजल्यावरून आहे. मेट्रोने आलात तर स्टेशनपासून मॉलपर्यंतचा वातानुकूलित पूल पाऊण किलोमीटरहून लांब आहे आणि त्यापुढे मॉलमध्ये आणखी चालायचं असतं. मग सामानाची तपासणी, मग लिफ्टची रांग. लिफ्टला वर न्यायला जेमतेम एक मिनिट लागतं, पण गर्दीच्या वेळी तिच्या दारापर्यंत पोचायलाच अर्धा-पाऊण तास जातो.

डिसेंबरात तिथे सूर्य साडेपाचच्या सुमारास मावळतो, म्हणजे सव्वाचारचं तिकीट बरं. जूनअखेरीस सूर्यास्त सात-दहाच्या आसपास असतो, तेव्हा सहाचं. सूर्यास्ताच्या वेळांना जादा दर असतो. तो सुरू होण्याच्या अगदी आधीची वेळ स्वस्त मिळत असेल तर ती घ्या आणि वर थोडं जास्त थांबा.

परतीची रांग लोक विसरतात. सूर्य बुडाला की सगळे एकदम लिफ्टकडे वळतात. अशा वेळी घाई करू नका. सूर्यास्तानंतरची पंधरा ते पंचवीस मिनिटं हीच खरी बघण्यासारखी असतात, कारण आकाशात निळा उजेड शिल्लक असतो आणि खाली दिवे लागलेले असतात. पूर्ण काळोख पडला की रांगही ओसरते. त्या संध्याकाळी जेवणाचं टेबल किंवा वाळवंटातली सफर लगेच पुढे ठेवू नका. कारंज्यांचा खेळ वरून लहानसा आणि मुका दिसतो, तो खाली उतरल्यावर तळ्याकाठी उभं राहूनच बघा.

मागच्या वेळी वर गेलो तर सगळीकडे नुसता धुरकट पांढरेपणा. हे आधी कळू शकतं का? (सोलापूर)

बऱ्याच अंशी कळतं. उन्हाळ्यात आखातावरून येणारा दमटपणा आणि शमाल म्हणजे वायव्येकडून येणाऱ्या वाऱ्याने उडवलेली धूळ, ही दोन मुख्य कारणं. हिवाळ्यात पहाटेचं धुकं असतं, पण ते सहसा सकाळी उशिरापर्यंत विरतं.

हवामानाच्या अ‍ॅपमधलं सूर्याचं चित्र इथे कामाचं नाही. ते ढगांबद्दल सांगतं, धूसरपणाबद्दल नाही. दुबई विमानतळाचा हवामान-अहवाल बघा. वैमानिक वापरतात तो ‘मेटार’ इंटरनेटवर फुकट मिळतो आणि विमानतळाची खूण ओएमडीबी अशी आहे. त्यात वाऱ्याच्या आकड्यांनंतर चार अंकी दृश्यमानता मीटरमध्ये दिलेली असते. ९९९९ म्हणजे १० किलोमीटर किंवा जास्त. ४००० म्हणजे चारच किलोमीटर. शिडाच्या आकाराचं बुर्ज अल अरब हॉटेल बुर्ज खलिफापासून सुमारे ११ किलोमीटरवर आहे आणि पाम जुमेराचं बेट सुमारे १६ किलोमीटरवर. त्यामुळे ४००० असेल त्या दिवशी यांतलं काहीच दिसणार नाही. म्हणून तिकीट सहलीच्या पहिल्याच दिवशी उरकू नका. गर्दीचा हंगाम नसेल तर आदल्या संध्याकाळी अहवाल बघून काढा.

सूर्यास्ताची वेळ उलटून गेली तरी वरून सूर्य दिसत होता. अ‍ॅप चुकीचं होतं का? (रत्नागिरी)

अ‍ॅप बरोबर होतं. उंचावरून क्षितिज आणखी खाली सरकतं, म्हणून सूर्य थोडा उशिरा बुडतो. १२४व्या मजल्यावर हा फरक अडीच-तीन मिनिटांचा पडतो. २०११च्या रमजानमध्ये दुबईच्या धर्माधिकाऱ्यांनी याच कारणाने बुर्जच्या ८०व्या मजल्याच्या वरच्या रहिवाशांना रोजा दोन मिनिटं उशिरा सोडायला सांगितलं होतं आणि १५०व्याच्या वरच्यांना तीन मिनिटं.

आईचे गुडघे दुखतात, आणि बाळ आठ महिन्यांचं आहे. लिफ्टच्या वेगाचा त्रास होईल का? (कोल्हापूर)

लिफ्ट सेकंदाला १० मीटर जाते, तरी धक्का फारसा जाणवत नाही. हवेचा दाब वर सुमारे पाच टक्क्यांनी कमी होतो आणि कानात दडे बसतात. विमानात यापेक्षा जास्त फरक पडतो. मोठ्यांनी आवंढा गिळत राहावं, बाळाला लिफ्टमध्ये शिरताना दूध किंवा चोखणी द्यावी. सर्दीने नाक चोंदलं असेल तर त्रास वर जाताना नव्हे, खाली येताना होतो. आईंसाठी मॉलच्या दारातूनच व्हीलचेअर घ्या, कारण चालणं आणि उभं राहणं हाच मोठा भाग आहे.

मला उंचीची भीती वाटते. घरच्यांसाठी जावं तर लागणार. काय करू? (सांगली)

लिफ्टमधून बाहेर आल्यावर थेट काचेकडे जाऊ नका. आधी आतल्या भिंतीला पाठ किंवा तळहात टेकवून दोन मिनिटं उभ्या राहा. उभं असताना शरीर सतत किंचित डोलत असतं आणि डोळे जवळच्या स्थिर वस्तूंवरून ते सावरत असतात. उंचावर जवळ काहीच दिसत नाही, सगळं दूर असतं, म्हणून तोल गेल्यासारखं वाटतं. त्यावर उपाय म्हणजे काचेची चौकट किंवा खांब नजरेच्या कडेला राहील अशी जागा धरा. प्रथम क्षितिज बघा, मग मधलं शहर, आणि शक्य वाटलं तरच खाली. सरकत्या ढगांकडे मान वर करून बघणं आणि दुर्बीण लावणं, या दोन्हींनी गरगरणं वाढतं. १२४व्यावरच्या उघड्या गच्चीत न जाताही आतून सगळं दिसतं.

काचेतून काढलेल्या फोटोंत आमचीच प्रतिबिंबं येतात. (औरंगाबाद)

फ्लॅश बंद ठेवा आणि मोबाइलची लेन्स काचेला अगदी चिकटवा. बोटभर अंतर राहिलं तरी आतले दिवे उमटतात. गडद कपडे घाला, पांढरा शर्ट हमखास दिसतो. उघड्या गच्चीवर काचांच्या मधल्या फटींतून फोटो घ्या. ट्रायपॉड नेऊ देत नाहीत, म्हणून रात्री मोबाइल काचेला टेकवून तीन सेकंदांचा टायमर लावा. उन्हाळ्यात एसीतून बाहेर येताच लेन्सवर वाफ धरते. ती पुसत बसू नका, पुन्हा पुन्हा धरतेच. पाच-दहा मिनिटं मोबाइल बाहेरच्या हवेत राहू द्या.

मुलीकडे न्यू जर्सीला जात आहोत. न्यूयॉर्कमध्ये एम्पायर स्टेट की टॉप ऑफ द रॉक? (पुणे)

एकच करायचं असेल तर टॉप ऑफ द रॉक, म्हणजे रॉकफेलर सेंटरच्या माथ्यावरची प्रेक्षक-गच्ची. तिथून दक्षिणेला एम्पायर स्टेट समोर उभी दिसते आणि उत्तरेला अख्खं सेंट्रल पार्क. एम्पायर स्टेटवर उभं राहिलात तर तीच इमारत चित्रातून गायब होते. इतिहासाची ओढ असेल तर मात्र १९३१च्या त्या इमारतीचा ८६वा मजला निवडा. तो ३२० मीटरवर असून उघडा आहे, आणि तिथला वारा थंडीत फार बोचतो.

शिकागोच्या विलिस टॉवरवर भिंतीबाहेर आलेल्या काचेच्या पेट्या आहेत. त्यांतली पायाखालची काच तडकली होती म्हणे. उभं राहावं का? (नागपूर)

राहा. २०१४च्या मे महिन्यात तडकला तो वरचा संरक्षक थर. ओरखडे झेलण्यासाठीच तो असतो आणि खराब झाला की बदलतात. भार पेलणारी काच त्याखाली आहे, प्रत्येकी अर्ध्या इंचाचे तीन थर एकत्र चिकटवलेली, आणि ती शाबूत होती. १०३व्या मजल्यावरच्या या पेट्या भिंतीपासून सुमारे १.३ मीटर बाहेर येतात. फोटोसाठी तिथे रांग लागते, तेव्हा शनिवार-रविवार टाळा आणि सकाळी उघडतानाची वेळ घ्या.