बीपीची गोळी मध्येच सोडणाऱ्यांविषयी

प्रिय विद्यार्थ्यास,

अनेक आशीर्वाद.

बीपीच्या गोळ्या रोज घ्या, असे प्रत्येकाला बजावूनही निम्मे लोक पुढच्या महिन्यात तुझ्या मेडिकल दुकानाकडे फिरकत नाहीत, आणि आपल्या लोकांना स्वतःच्या जिवाची पर्वाच नाही, असे तू पत्रात लिहिले आहेस. हा निष्कर्ष तू मागे घ्यावास, असा माझा आग्रह आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2003 च्या अहवालानुसार विकसित देशांतही दीर्घ आजारांचे सुमारे 50 टक्केच रुग्ण सांगितल्याप्रमाणे औषध घेतात. गोळी सोडणाऱ्या प्रत्येकाकडे काही कारण असते, आणि ते सर्वांत आधी कळण्याची संधी डॉक्टरांपेक्षा तुला अधिक आहे, कारण रुग्ण दर महिन्याला औषधासाठी तुझ्यासमोर उभा राहतो.

एखादी आजी म्हणते, "आते काहीच तरास नही, मंग गोयी कसाले खाऊ?" तिचे म्हणणे तिच्या अनुभवाला धरूनच असते, ताप उतरला की गोळी थांबवायची, हेच ती जन्मभर पाहत आली आहे. तिला लकव्याची भीती घालू नकोस. रक्तदाब गोळीमुळेच ताब्यात आहे, गोळी थांबली की तो पुन्हा चढेल आणि चढला तरी बहुधा काहीच जाणवणार नाही, हे तिच्याच अहिराणीत शांतपणे सांग. अटेनोलॉल किंवा मेटोप्रोलॉल या बीपीच्या गोळ्या घेणाऱ्यांना मात्र अधिक स्पष्टपणे बजाव, कारण ही औषधे एकाएकी बंद केल्यास, विशेषतः हृदयविकार असलेल्यांना, गंभीर त्रास होऊ शकतो.

"गोळ्या घेता ना?" या प्रश्नाला उत्तर नेहमी "हो" असेच येते. त्याऐवजी "गेल्या आठवड्यात किती गोळ्या राहून गेल्या?" असे विचार आणि उत्तर येईपर्यंत थांब. मग कोणी अ‍ॅम्लोडिपिनमुळे सुजलेला घोटा दाखवेल, कोणी एनालाप्रिल सुरू झाल्यापासून जात नसलेला कोरडा खोकला सांगेल. या दोन्हींवर डॉक्टरांकडे उपाय असतो. तो रुग्ण गोळी फेकून देण्याआधी डॉक्टरांना फोन करणे, हे तुझे काम आहे. कापूस वेचून कंबर धरलेली बाई वेदनाशामक गोळ्या मागते, तेव्हाही बीपीची विचारपूस कर, कारण डायक्लोफिनॅकसारख्या गोळ्यांनी रक्तदाब वाढतो, आणि मग औषधाचा गुणच येत नाही असे समजून ती बीपीची गोळी सोडते.

आता मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट सांगतो, कारण तिच्याकडे फारसे कोणी लक्ष देत नाही. एका औषधाची स्ट्रिप 10 गोळ्यांची आणि दुसऱ्याची 15 गोळ्यांची असली, आणि रुग्णाने दोन्हींची एकेकच नेली, तर एक दहाव्या दिवशी संपते आणि दुसरी पंधराव्या दिवशी. यावल तालुक्यातल्या एखाद्या खेड्यातून बाजाराच्या दिवशी एसटीने येणारा शेतमजूर मजुरी बुडवून मधल्या वारी येत नाही. तो उरलेली एकच गोळी घेत राहतो आणि आपले औषध चालू आहे, असे प्रामाणिकपणे समजतो. म्हणून एकीच्या तीन आणि दुसरीच्या दोन स्ट्रिप देऊन दोन्ही 30 दिवसांना जुळव, पाकिटावर पुढच्या वेळची तारीख वारासह ठळक अक्षरांत लिही आणि तीच तारीख तुझ्या वहीत उतरव. त्या बाजाराला जो आला नाही, त्याला दुसऱ्या दिवशी फोन कर. एकदम इतके पैसे नाहीत असे कळले, तर प्राथमिक आरोग्य केंद्राचा किंवा जनऔषधी दुकानाचा रस्ता दाखव. तुझा गल्ला थोडा कमी होईल, तो होऊ दे. डॉक्टरांनी कंपनी बदलली असेल, तर जुनी स्ट्रिप शेजारी ठेवून दाखव की औषध तेच आहे, नाहीतर लोक दोन्ही गोळ्या घेतात.

लॉस एंजेलिसमधील 52 केशकर्तनालयांत झालेल्या आणि 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, ज्या दुकानांत फार्मासिस्ट जाऊन कृष्णवर्णीय पुरुषांना भेटत असत, तेथे 6 महिन्यांत वरचा रक्तदाब सरासरी 27 अंकांनी उतरला. तुलनेच्या गटात तो सुमारे 9 अंकांनीच उतरला. तेथील फार्मासिस्टना डॉक्टरांच्या संमतीने औषध बदलता येत होते, तो अधिकार आपल्याला नाही. ओळखीच्या जागी, ठरलेल्या वेळी, एकाच माणसाने विचारपूस करणे मात्र आपल्या हातात आहे.

ऊसतोडीला जाणारी कुटुंबे दिवाळीच्या सुमारास गाव सोडतात. त्यांना डॉक्टरांच्या संमतीने पुढील महिन्यांची औषधे आणि चिठ्ठीची एक प्रत बरोबर दे. चैत्रात सप्तशृंगगडाला पायी निघणारे अनेक जण उपवासाला गोळी चालत नाही असे मानतात. अ‍ॅम्लोडिपिन आणि टेल्मिसार्टन रिकाम्या पोटीही घेता येतात, हे त्यांना सांग. त्यातील कोणाला बीपीसाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल, तर आपल्याकडच्या उन्हात घामाने पाणी आणि क्षार कमी होऊन चक्कर येऊ शकते, आणि चक्कर आली की माणूस सगळ्याच गोळ्या बंद करतो. अशा रुग्णांची नावे वहीतून काढून फाल्गुनातच त्यांना डॉक्टरांकडे पाठव, म्हणजे डोसचा निर्णय निघण्यापूर्वी होईल.

कळावे,
तुझा हितचिंतक