'टेनर'ला मराठीत काय म्हणायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लुचानो पावारोत्तीवरचा लेख मराठीत करताना 'प्रसिद्ध इटालियन टेनर' इथेच गाडी अडलीये. 'उच्चस्वरी गायक' लिहू, 'तारसप्तकातला गायक' लिहू का टेनरच ठेवू? शिवाय त्याच लेखात त्याची ऑपेरातली कारकीर्द आणि कॉन्सर्टची कारकीर्द वेगवेगळी सांगितलीये ती का, दोन्हीकडे माणूस गातोच ना?

माझं मत विचाराल तर टेनरच ठेवा. उच्चस्वरी तर नकोच, मराठीत 'उच्च स्वरात बोलला' म्हणजे आवाज चढवून बोलला, वाचणाऱ्याला वाटेल हा बाबा भांडतोय. तारसप्तकवाला शब्द त्यातल्या त्यात बरा, पण खरी गोची तिथेच आहे.

आपल्याकडे सा हलता असतो. एक बुवा पेटीच्या काळी एकमध्ये गातात, दुसरे पांढरी दोनमध्ये, बाई काळी चार नाहीतर पाचमध्ये, आणि तंबोरे ज्याच्या त्याच्या पट्टीला लागतात, म्हणजे तारसप्तक कुठे सुरू होणार ते गाणाऱ्याच्या सा वर ठरतं. ऑपेरात हे चालत नाही. तिथे पट्टी गायकाची नसते, भूमिकेची असते, डोनिझेट्टी किंवा पुचिनी अशा संगीतकाराने जो सूर कागदावर लिहून ठेवलाय तोच लागला पाहिजे, मग आज गळा बसलेला असो नाहीतर नसो. आणि त्या भूमिका ज्या टापूत लिहिल्यात त्या टापूत ज्याचा आवाज तासन् तास आरामात राहू शकतो तो टेनर. थोडक्यात ही आवाजाची जात आहे. साधारण मंद्राकडच्या पांढरी एकपासून दोन सप्तकं वरच्या पांढरी एकपर्यंतचा पल्ला. त्याच्या खाली बॅरिटोन, त्याच्याही खाली बास.

वरच्या टोकाचा जो सूर, ज्याला ते लोक 'हाय सी' म्हणतात, तो साधारण ५२३ हर्ट्झचा. आपल्या हिशोबात सांगायचं तर काळी एकमध्ये गाणाऱ्या बुवांचा तो तारसप्तकातला शुद्ध निषाद होतो, म्हणजे अतितार षड्जाच्या फक्त अर्धा सूर अलीकडे! आपल्या मैफलीत बुवा तार गंधार-मध्यमावर रेंगाळले, पंचमाला हात लावून आले तरी हॉलमधून 'वा' येते, आणि हा माणूस निषादावर उभा राहणार, तोही खोटा आवाज न लावता, माईकशिवाय, समोर पन्नास-साठ वादकांचा ताफा वाजत असताना. माईक नसताना ऐकू कसं जातं याचंही उत्तर आहे, तालमीने या गायकांच्या आवाजात ३००० हर्ट्झच्या आसपास एक जास्तीची धार तयार होते आणि ऑर्केस्ट्राचा जोर त्याच्या बराच खाली असतो, त्यामुळे आवाज त्या भिंतीच्या वरून निघून जातो.

बरं हे 'खऱ्या आवाजात' प्रकरणसुद्धा तसं अलीकडचं. पूर्वीचे टेनर वरचे सूर हलक्या, काहीशा खोट्या आवाजात घ्यायचे. १८३७ साली पॅरिसमध्ये रॉसिनीच्या 'गियोम टेल' या ऑपेरात जिल्बेर द्युप्रे या टेनरने वरचा सी छातीतून काढला आणि लोक वेडे झाले. खुद्द रॉसिनीला मात्र ते अजिबात आवडलं नाही, खच्ची केलेल्या कोंबड्याचा गळा कापताना तो जसा ओरडतो तसं वाटतं असं तो म्हणाल्याचं सांगतात :) पण पब्लिकने कौल दिला, आणि तेव्हापासून टेनर म्हटलं की लोक त्या सुराची वाट बघत बसतात.

आता पावारोत्तीकडे येऊ, कारण शब्दाचा अर्थ त्याच्या कारकिर्दीत जास्त नीट कळतो. मोडेना गावचा, जन्म १९३५, वडील बेकरीत कामाला आणि स्वतः हौशी टेनर. बापलेक गावातल्या कॉयरमध्ये, म्हणजे समूहगानाच्या मंडळात, गायचे, त्या कॉयरने १९५५ मध्ये वेल्समधल्या स्पर्धेत पहिला नंबर काढला. पुढे काही दिवस शाळेत मास्तरकी, काही दिवस इन्शुरन्स विकणं, आणि १९६१ मध्ये रेज्जो एमिलियाला 'ला बोएम' या ऑपेरातला नायक रोदोल्फो म्हणून पहिल्यांदा स्टेजवर. १९६३ मध्ये लंडनच्या कॉव्हेंट गार्डनला दि स्तेफानो या टेनरच्या जागी ऐनवेळी उभा राहिला तोही रोदोल्फो म्हणूनच. १७ फेब्रुवारी १९७२ ला न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये डोनिझेट्टीच्या एका विनोदी ऑपेरात, प्रेमापायी पलटणीत भरती झालेल्या टोनिओचं गाणं त्याने म्हटलं, त्यात एकामागोमाग नऊ वेळा हाय सी येतो आणि नऊही असे लागले की खेळ संपल्यावर १७ वेळा पडद्याबाहेर यावं लागलं. तिथून तो 'हाय सीचा राजा' झाला.

पण इथे बघा, हाच टोनिओ त्याने १९९५ मध्ये परत त्याच मेट्रोपॉलिटनमध्ये केला तेव्हा ते गाणं पट्टी उतरवून म्हटलं. साठी आलेली, आपल्याकडे कोणाच्या भुवया वर गेल्या नसत्या, वय झालं की बुवा सरळ अर्धी-एक पट्टी खाली घेतात आणि लोक म्हणतात काय समजूतदारपणे गातात. तिकडे तो बभ्रा होतो. 'तारसप्तकातला गायक' या शब्दात हा फरक कुठेच येत नाही, म्हणून मला तो चालत नाही.

टेनरमध्येही पोटजाती आहेत. पावारोत्ती मूळचा लिरिक, म्हणजे हलका, गोड, प्रेमिकाच्या भूमिकांचा आवाज. जड भूमिका त्याने हळूहळू घेतल्या, 'तुरान्दोत'मधला कालाफ स्टेजवर केला तो १९७७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला. व्हेर्दीचा ओथेल्लो तर त्याने स्टेजवर कधी केलाच नाही, १९९१ मध्ये कंडक्टर शोल्टीच्या हाताखाली गायला तो कॉन्सर्ट म्हणून, म्हणजे ना सेट, ना हातात तलवार, सगळे ओळीने उभे राहून नुसतं गाणार.

आला तुमचा दुसरा प्रश्न. ऑपेरा म्हणजे संगीत नाटक, तिथे तो रोदोल्फो असतो, कपडेपट असतो, समोर नायिका असते, दोन-तीन तास आवाज पुरवून वापरायचा असतो. कॉन्सर्टमध्ये तो स्वतः असतो आणि हात मोकळे. एकट्याचा पहिला मोठा रिसायटल त्याने १९७३ मध्ये अमेरिकेत मिझुरी राज्यातल्या लिबर्टी नावाच्या गावी केला, तिथे हातात पांढरा रुमाल धरला तो पुढे कायमचा हातात राहिला. नंतर मैदानं आली, माईक आले, १९९१ मध्ये हाईड पार्कात भर पावसात लोक भिजत ऐकत होते, १९९३ मध्ये सेंट्रल पार्कात तर लाखांनी. माईक आला की वर सांगितलेली ती ३००० हर्ट्झची कमाई तशी वायाच जाते, म्हणून जुने ऑपेरावाले या प्रकाराला नाक मुरडतात आणि मला ते पटतं. पण ७ जुलै १९९० ची रोमची 'थ्री टेनर्स'ची रात्र सोडून! फुटबॉल वर्ल्डकपच्या फायनलच्या आदल्या दिवशी पावारोत्ती, दोमिंगो आणि नुकताच ल्युकेमियातून उठलेला कारेरास, आणि ऑर्केस्ट्रा चालवायची काठी हातात आपल्या मुंबईच्या झुबिन मेहतांच्या. लोकांच्या तोंडी बसलेलं 'नेस्सुन दोर्मा', म्हणजे 'तुरान्दोत'मधलं कालाफचं गाणं, याच वर्ल्डकपचं. गंमत म्हणजे त्याच्या शेवटचा टाळ्यांचा सूर हाय सी नाहीये, त्याच्या अर्धा सूर खालचा आहे, म्हणजे आपल्या काळी एकच्या बुवांचा कोमल निषाद, आणि पुचिनीने तो लिहिलाय अगदी चटकन सोडून देण्याइतका छोटा, ताणतात ते गायक.

त्यातला दोमिंगो सुरुवातीला बॅरिटोन होता, मग टेनर झाला, आणि २००९ मध्ये बर्लिनला 'सिमोन बोक्कानेग्रा' करून परत बॅरिटोनच्या भूमिकांकडे गेला. म्हणजे 'टेनर' हे कारकिर्दीत बदलूसुद्धा शकतं.

व्युत्पत्ती हवी असेल तर लॅटिन 'तेनेरे', धरून ठेवणे. मध्ययुगात चर्चच्या गाण्यात मूळ चाल लांब लांब सुरांत धरून ठेवणारा जो आवाज तो टेनर, वर-खाली बाकीचे नक्षी काढणार. होमलोनच्या कागदावर मुदतीसाठी जो 'टेनॉर' छापलेला असतो तोही याच धातूचा, फक्त तिथे धरून ठेवते बँक. आणि हा शब्द आपल्याला परका वगैरे मुळीच नाही, गोव्यात-वसईत चर्चच्या कॉयरमध्ये जाणाऱ्या कोणालाही सोप्रानो, आल्टो, टेनर, बास तोंडपाठ असतात.

तेव्हा लेखात पहिल्यांदा येईल तिथे 'टेनर, म्हणजे पुरुषांमधल्या चढ्या जातीच्या आवाजाचा गायक' असं एकदा लिहा आणि पुढे बिनधास्त टेनर. टेनरने, टेनरला, तीन टेनर. 'टेनर्स' फक्त त्या तिघांच्या कार्यक्रमाच्या नावात. आणि हो, कोणीतरी 'पट्टीचा गायक' सुचवलंय ते कृपया नको, पट्टीचा म्हणजे तरबेज, पट्टीचा बॅरिटोनही असतोच की.